पंपावर दादा

आग विझवायच्या खात्यात एखाद्याला ‘भडका’ म्हणावं हा आचरटपणाच, पण त्या माणसाला दुसरं नाव शोभलंही नसतं. चहा गार आला की कप भिंतीवर. बंबाच्या वाटेत कुणी मोटार लावली की तिच्या काचेचा चुराडा. बायको म्हणायची, “गावाच्या आगी विझवता, तुमची कोण विझवणार?” त्यावर तो नुसता हसायचा. तिच्यावर आणि धाकट्या भावावर मात्र त्यानं जन्मात कधी आवाज चढवला नाही.

आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. भडक्यानं त्याला लहानाचा मोठा केला, आपल्याच फायर स्टेशनात चिकटवला आणि आपल्याच बंबावर त्याच्या हाती नोझल दिलं. धाकटा पाइप घेऊन आगीत शिरायचा आणि भडका बाहेर पंपावर उभा राहायचा. आत गेलेल्याचा जीव पंपावरच्याच्या मुठीत असतो. धाकट्याचा जीव दुसऱ्या कुणाच्या मुठीत असावा, हे भडक्याला खपणारच नव्हतं.

कालव्याच्या पलीकडे दुसरं गाव, दुसरं स्टेशन, आणि तिथल्या पंपावर होता वाकडा. तो काही जन्माचा वाकडा नव्हता, त्याचं तोंड वाकडं केलं ते भडक्यानंच. झालं होतं असं की, पुलाजवळ, अगदी हद्दीवर, एका लाकडाच्या वखारीला आग लागली. दोन्हीकडचे बंब धावले, पण रस्त्यावर पाण्याचा नळ एकच. वाकड्यानं भडक्याचा पाइप काढून फेकला आणि आपला जोडला. मग काय विचारता! वखार राहिली बाजूला आणि माणसं हातघाईवर आली. कुऱ्हाडीनं एकमेकांचे पाइप तोडले, हेल्मेटं काढून डोक्यात घातली. भडक्यानं नळ फिरवायची लोखंडी चावी उचलली आणि वाकड्याच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आगीच्या गदारोळातही ऐकू आला. ते भांडण मिटेपर्यंत वखार कोसळली आणि आतला रखवालदार जळून मेला. आग विझवायला गेलेली ही शहाणी माणसं!

त्यानंतर दोन्हीकडचे साहेब एका टेबलाशी बसले आणि करार झाला. आग मोठी असेल तर शेजारच्यांनी बोलावल्याबरोबर निघायचं, ज्याच्या हद्दीत आग त्याच्या साहेबाचा हुकूम चालायचा. एकाचा पाइप आत फुटला तर त्याच्या माणसानं दुसऱ्याच्या पाण्याच्या आडोशानं बाहेर यायचं. एवढ्यावर सगळे खूश होते, पण भडक्याचे साहेब माणसं ओळखून होते. त्यांनी आणखी एक अट घातली. दोन बंब एका आगीवर आले की पंपावरच्या दोघांनी जागा बदलायच्या. आपल्या पंपावर त्यांचा माणूस, त्यांच्या पंपावर आपला.

“तुझी माणसं त्याच्या हातात, त्याची तुझ्या,” साहेब भडक्याला म्हणाले. “आता बघू कोण कुणाचं पाणी तोडतो ते.”

कागदावर त्याला ‘परस्पर साहाय्य’ असं गोंडस नाव होतं. स्टेशनात सगळे ‘ओलीस’ म्हणायचे. पण अट लागू पडली. पुढं कितीतरी आगी दोघांनी एकमेकांच्या पंपावर उभं राहून विझवल्या आणि कुणाचं पाणी कधी तुटलं नाही. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. भडक्याचे हात वाकड्याच्या पंपावर असायचे आणि डोळे मात्र वाकड्याच्या हातांवर.

“दादा, अरे तो नीट काम करतो,” धाकटा कैकदा म्हणाला. “तू तुझ्या पंपाकडं बघ की.”

“तू गप रे. मला माणसं कळतात.”

काय कपाळ कळत होती!

मग एका दुपारी भडक्याच्या हद्दीतला गाद्यांचा कारखाना पेटला. फोमचे ढीग छतापर्यंत रचलेले आणि मागं चिकटवायच्या रसायनाची पिंपं. वाकड्याचा बंब पूल ओलांडून येईपर्यंत काळ्या धुरानं रस्ता गिळला होता. दोन कामगार आत अडकले होते. धाकटा एका दारानं शिरला आणि पलीकडचा नोझलवाला, दोन लेकरांचा बाप, दुसऱ्या दारानं. भडका आणि वाकडा न बोलता एकमेकांच्या पंपावर गेले.

पहिलं पिंप फुटलं तेव्हा खिडक्यांच्या काचा रस्त्यावर उडाल्या आणि एका पोलीस शिपायाचा गाल कानापर्यंत फाटला. दुसरं फुटलं तेव्हा पत्र्याचं छत फाटून निम्मं आत कोसळलं. आतून माणसाच्या किंकाळ्या येत होत्या, आणि कोणाच्या ते कळत नव्हतं. कामगारांपैकी एकजण बाहेर आला तो पेटलेलाच. त्याला लोळवून विझवला, पण अंगाची कातडी हातमोज्यासारखी निघून आली.

वाकड्याच्या बंबाची टाकी तळाला आली होती. मागं भरलेला टँकर जोडून तयार होता. भडक्यानं फक्त व्हॉल्व्ह फिरवायचा होता, हाताच्या अंतरावर. त्यानं तेवढ्यात सवयीनं मान वळवली आणि त्याला दिसलं, वाकड्यानं धाकट्याच्या पाइपाचं पाणी बंद केलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा आत, आणि ह्या हरामखोरानं इतक्या वर्षांचा सूड आज उगवला! भडका पंप सोडून धावला, पायाशी पडलेला पाना उचलला आणि वाकड्याच्या तोंडावर घातला. जबडा पुन्हा त्याच जागी मोडला. वाकडा पडला, तर ह्यानं त्याच्या छातीवर बसून आणखी दोन घातले.

“सोड पाणी! माझा भाऊ आहे आत! सोड!”

वाकड्याला बोलता येईना. तोंडातून रक्त आणि दात येत होते. त्यानं हात वर करून आधी जमिनीकडं दाखवलं. दाराशी भडक्याच्या बंबाचा पाइप उभा चिरलेला होता. पिंपाच्या पत्र्यानं फाडला होता तो. फुटलेल्या पाइपाचं पाणी बंदच करायचं असतं, हे भडक्यानंच स्टेशनातल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलेलं. मग वाकड्यानं आपल्या बंबाकडं बोट केलं. तिथला पंप कोरडा घरघरत होता आणि त्याचा पाइप मेलेल्या सापासारखा चपटा पडला होता.

 वाकडाच भडक्याच्या अंगाखालून सुटला, गुडघ्यांवर रांगत गेला आणि त्यानं टँकरचा व्हॉल्व्ह फिरवला. पाइप पुन्हा फुगला, पण मधला तो वेळ गेला तो गेलाच.

बाहेर काढलं तेव्हा धाकट्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. पलीकडचा नोझलवाला त्याच्यावर पालथा पडलेला सापडला. त्याच्या पाठीवर कोट राहिला नव्हता. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

संध्याकाळी भडका धाकट्याच्या खाटेशी बसला होता. पलीकडच्या खाटेवर वाकडा, जबड्याला पट्ट्या बांधलेला. दोघांच्या मध्ये एक खाट रिकामी होती.

“दादा,” धाकटा डोळे न उघडता म्हणाला, “माझा पाइप फुटला, मग मी त्यांच्या नोझलवाल्याच्या पाण्यामागं गेलो. तो घाबरला होता रे. छत पडायला लागलं होतं. म्हणत होता, परत फिरू. मी म्हटलं, घाबरू नको, त्या दुसऱ्या कामगाराला काढूनच जाऊ. पाणी थांबायचं नाही. पंपावर माझा दादा आहे.”

भडक्यानं त्याचा पट्ट्या बांधलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“मग थांबलं कसं रे? टँकर आला नव्हता का?”

भडक्यानं पलीकडच्या खाटेकडं पाहिलं. वाकडा त्याच्याकडंच बघत होता. मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याच्या मनात असतं तर खुणेनं सांगता आलं असतं, पण त्यानं काही केलं नाही. ‘टँकर आला नव्हता’ एवढं म्हणून भडक्याला सुटता आलं असतं. धाकट्यानं डोळे मिटून मान्य केलं असतं, त्यानं दादाचं कधी काय मान्य केलं नव्हतं?

“टँकर आला होता,” भडका म्हणाला. “मी पंपावर नव्हतो. मी वाकड्याला मारत होतो.”

धाकट्यानं डोळे उघडले.  मग त्यानं पट्ट्या बांधलेला हात भावाच्या मांडीवरून उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला.

“वहिनीला पाठव,” तो म्हणाला. “तू नको बसूस इथं.”