बाबांना न विचारता आखलेली सहल

तायवानमधल्या च्यायी शहरात परदेशी सहलीला जायचं ठरलं की लोक शू-चिनकडे जात. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याशेजारी तिचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. ऑफिस तसं मालकीणबाईंचं, को बाईंचं, पण गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "शू-चिन आहे का? नसेल तर उद्या येतो."

तिची पद्धतच वेगळी होती. कुठे जायचंय हे ती सगळ्यात शेवटी विचारायची. आधी चहा द्यायची आणि भलतंसलतं विचारत बसायची. सुट्टीत सकाळी आपोआप जाग येते की लोळत पडता? घरचा भात किती दिवस नसला तर चालतो? रस्ता चुकलात तर चिडता की हसता? एकदा लग्नाला जेमतेम महिना झालेलं जोडपं आलं होतं. दोघांची उत्तरं ऐकून ती म्हणाली, "जा क्योटोला, पण दुपारी जेवलात की वेगळे व्हा. तिने दुकानं बघावीत, तुम्ही झोपावं. संध्याकाळी भेटा." नवरीला राग आला होता. परत आल्यावर तीच मिठाईचा डबा घेऊन आली आणि आपल्या दोन बहिणींना पाठवते म्हणाली.

शू-चिनचे वडील वान-फू वीज मंडळात लाइनमन होते. सगळी नोकरी डोंगरातल्या चहाच्या गावांतून गेली. वादळ येऊन गेलं की हा माणूस निघालाच. खांद्यावर दोराचं भेंडोळं, तुटलेल्या तारेच्या मागे मागे चालत, कुठे कुणाच्या ओट्यावर जेवायचं, कुठे देवळात अंग टाकायचं, आणि आठवड्याने घरी यायचं ते नव्या गोष्टी घेऊन. अमक्या गावात म्हातारीने रानडुकराचं मांस वाढलं, तमक्या घरात जुळ्या मुली झाल्या. आई, आ-लुआन, ऐकता ऐकता कपडे भिजत घालायची आणि म्हणायची, "तुम्हाला पगार तारा जोडायचा देतात की जेवायचा?"

निवृत्त झाल्यावर वान-फू घरात बसले. म्हणजे बसले असं म्हणायचं. दिवसातून चारदा बाहेर पडायचे. शू-चिनला वाटलं, आई-बाबांना एकदा परदेश दाखवावा. आईचे गुडघे दुखत, तिला गरम पाण्याच्या कुंडांचं फार आकर्षण. शू-चिनने जपानचा उत्तर भाग निवडला. हॉटेलातच कुंड, दारात बस, जिने कमीत कमी, जेवण वेळच्या वेळी, बरोबरची मंडळी सगळी सत्तरीच्या आसपासची. तिने स्वतःही बरोबर जायचं ठरवलं. आईला बसवून तिने सगळं विचारून घेतलं. उशी कशी लागते इथपर्यंत.

बाबा तेव्हा पलीकडे शेंगदाणे सोलत बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं, घरच्या माणसाला काय विचारायचं, असं काहीसं असेल. किंवा तिने धरूनच चाललं असेल, की म्हातारपणी दोघांना लागतं ते एकच.

तिघं हाकोदाते या बंदराच्या गावी पोचले. पहिला दिवस बसमधून गेला. वान-फू खिडकीला नाक लावून बसले होते. गाइड तिथल्या किल्ल्याचा इतिहास सांगत होती आणि हे खाली रस्त्यावर कोण काय विकतंय ते पाहत होते. "इथे थांबत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"थांबू ना बाबा, पुढे थांबणार आहोत. तिथे बसायला बाकं आहेत."

"बाकं आपल्याकडे पण आहेत गं."

आई हसली. शू-चिनही हसली. पण त्या हसण्यातच ते वाक्य वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बाबा नव्हते. खोलीत नव्हते, कुंडावर नव्हते. हॉटेलच्या चपला खोलीतच, म्हणजे बूट घालून बाहेर गेलेले. वर्षभरापूर्वी च्यायीतल्याच दुसऱ्या एका ऑफिसच्या टूरमध्ये एक आजोबा चुकले होते आणि रात्रभर थंडीत राहून दवाखान्यात गेले होते. तेव्हापासून शू-चिनला त्याची भीती बसली होती. बाहेर बर्फ पडलेला. बस निघायची वेळ झालेली. बाकीची मंडळी कुजबुजायला लागली.

आ-लुआन मात्र सावकाश मासा सोडवून खात होती. "अगं, खा दोन घास. भूक लागली की येतील. जन्मभर असेच आले."

"आई, हा आपला डोंगर नाहीये! यांना भाषा येत नाही, पत्ता येत नाही!"

"तिकडे तरी कुठे पत्ते होते?"

शू-चिनने आईला बसमध्ये बसवून दिलं, बस पुढे पाठवली आणि पोलीस चौकीवर गेली. दुपार होत आली तेव्हा फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्याजवळ, तायवानचा एक म्हातारा बसलाय. वान-फू ट्रामच्या तारा बघत बघत, रुळाच्या कडेने, शेवटच्या थांब्यापर्यंत चालत गेले होते.

टॅक्सीतून उतरली तेव्हा तिला ते लांबूनच दिसले. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन कोळणी शेगडीजवळ बसून माकूळ साफ करत होत्या आणि मध्ये बाबा, गळ्यात कुणाचा तरी रबरी एप्रन, हातात पातळ सुरी. एका झटक्यात पोट उघडत होते, आतलं काढून बादलीत टाकत होते. एक बाई त्यांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाली आणि तिघंही खो खो हसले. कुणाला कुणाची भाषा कळत नव्हती.

त्यांनी शू-चिनला पाहिलं. चेहरा उजळला. "ये, ये! अगं, हे खाऊन बघ. आत्ता भाजलंय. या बाईंचा नवरापण खांबावर चढायचा, हातानी करून दाखवलं तिनं मला!"

सकाळपासून जमलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. "बाबा, तुम्ही काय लहान आहात का? सगळी बस तुमच्यासाठी खोळंबली. पोलिसांत जावं लागलं मला! तुम्हाला सांभाळायलाच आले आहे का मी? पुन्हा कध्धी कुठे नेणार नाही, सांगून ठेवते."

ती एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. बापलेकीत एवढं तेवढं होतंच. पण त्या बायका गोंधळून बघत होत्या, आणि तिला त्यांची माफी मागायची होती. तिने कमरेत वाकून माफी मागितली आणि मग, शब्द सुचेना म्हणून, बाबांकडे हात करून स्वतःच्या कपाळाशी बोट नेलं आणि गोल फिरवलं. म्हातारबुवांचं डोकं ठिकाणावर नाही, एवढाच त्याचा अर्थ होत होता.

बायकांना कळलं. हसू मावळलं. मोठी होती तिने "असं होय" अशी मान हलवली, चेहरा एकदम मऊ केला आणि पुढे होऊन वान-फूंच्या हातातली सुरी अलगद काढून घेतली. आजारी मुलाच्या हातातून काढून घेतात तशी.

ज्या हातांनी जन्मभर जिवंत तारांशी काम केलं, ते हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी एप्रन काढला, घडी केली, फळीवर ठेवला. "चल," म्हणाले.

उरलेल्या सहलीत त्यांनी काडीचा त्रास दिला नाही. बसमध्ये बसा म्हटलं की बसले, उतरा म्हटलं की उतरले. एकदा तर संडासला जाऊ का म्हणून विचारलं. शू-चिनला तेव्हा हायसं वाटलं होतं. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त खात राहिलं.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, कशी झाली सहल? वान-फू म्हणाले, "छान. सगळं स्वच्छ होतं."

पुढच्या वर्षी तिने पुन्हा विषय काढला. "नको गं, घरीच बरं." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. चारदा बाहेर पडणारा माणूस दोनदा, मग एकदा, मग देवळापर्यंत. आईने कधी मुलीला बोल लावला नाही. एकदाच, मुळा किसता किसता म्हणाली, "त्या दिवशी तिकडे काय झालं? हे काही सांगत नाहीत. त्यांनी एखादी गोष्ट घरी येऊन सांगितली नाही असं कधी झालं नव्हतं." शू-चिन म्हणाली, काही नाही, थकले होते.

एकदा तिने धीर करून बाबांची माफी मागितली. त्यांना खरोखर नवल वाटलं. "कसली माफी? बरोबरच बोललीस तू. काही झालं असतं म्हणजे?" कपाळाजवळच्या बोटाबद्दल तेही बोलले नाहीत, तीही नाही.

मग आ-लुआन गेली. त्यानंतरच्या वसंतात शू-चिनने हट्टच धरला. या वेळी तिने नागासाकी निवडलं. चढउतारांचं गाव, ट्राम, धक्का, गल्ल्या. बस नाही, गाइड नाही, वेळापत्रक नाही. धक्क्याजवळच्या लहानशा खाणावळीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. सगळं बाबांच्या पद्धतीचं, तिने मनाशी म्हटलं, आणि हाकोदातेनंतर प्रथमच स्वतःच्या कामाचं तिला बरं वाटलं.

सकाळी ती खाली आली तर बाबा आधीच तयार होते. टोपी घातलेली, पिशवी मांडीवर, दाराशेजारच्या खुर्चीत ताठ बसलेले.

"बस किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"बस नाही बाबा. तुम्हाला हवं तिकडे जा. एकटे जा, रमतगमत या. मी इथेच आहे, माझी काही घाई नाही."

वान-फू उठले. दारापर्यंत गेले. समोर उतार होता, खाली पाणी चकाकत होतं, कोपऱ्यावर कुणीतरी मासे उतरवत होतं. ते उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिले.

मग ते मागे वळले. "तूही चल ना. चुकलो बिकलो तर उगीच तुला ताप."

दोघं निघाले. प्रत्येक वळणाशी ते थांबत आणि तिच्याकडे बघत. "इकडे?" "तुम्ही सांगा ना." "तुला ठाऊक, बाई." शेवटी तीच वळायची. मासळीवाल्यांपाशी ती मुद्दाम रेंगाळली. एकाने वान-फूंकडे बघून हसून काहीतरी विचारलं. त्यांनी नम्रपणे मान लववली आणि मुलीच्या मागे सरकले.

च्यायीला परत आल्यावर देवळाजवळच्या बाकावर त्यांचे जुने सोबती भेटले. त्यांना वान-फूंनी अगदी अभिमानाने सांगितलं, "पोरीनं सगळं बघितलं. मला कशाचा विचार करावा लागला नाही."

शू-चिन अजून त्याच ऑफिसात आहे. लोक अजून तिला विचारून सहली ठरवतात, आणि तिच्या सहली अजून बरोबर जमतात. रविवारी ती बाबांना टर्कीचं मांस घातलेला भात खायला घेऊन जाते. ते तिचा हात धरून रस्ता ओलांडतात, ती दाखवेल त्या खुर्चीवर बसतात, ती मागवेल ते खातात. भातवाली बाई परवाच म्हणाली, "किती शहाणे हो तुमचे बाबा. नाहीतर आमचे! घटकाभर घरात ठरत नाहीत, सारखं शोधावं लागतं."

"भाग्यवान आहात," शू-चिन म्हणाली. बाईंना वाटलं ती थट्टा करतेय, आणि त्या हसत हसत दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.