आईचं माहेरचं नाव, संधी फक्त पाच

माझ्या पोटच्या मुलाला माझं नाव माहीत नाही, ही गोष्ट मला त्याच्या लॅपटॉपनं सांगितली.

मुलगा म्हणजे आमचा निनाद. सॉफ्टवेअर डेव्हलपर. आम्ही राहतो नोएडात, त्याचं ऑफिस गुडगावला, आणि काम चालतं आमच्या जेवणाच्या टेबलावर. (त्यामुळे आम्ही नवरा-बायको गेली तीन वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतोय.) त्या मंगळवारी दुपारी तीनला त्याला सहा महिन्यांचं काम मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं. दाखवलं तर प्रोजेक्ट त्याचा, नाहीतर बंगलोरची टीम टपूनच बसलेली. आणि बरोबर बाराच्या ठोक्याला, ज्या खात्यात हे सगळं काम ठेवलेलं, ते खातं त्याला म्हणालं, तू कोण?

नवा फोन घेतला होता ना! जुन्या फोनवर येणारा कोड नव्यावर येईना. खातं म्हणालं, बरं, कोड तुझ्या जुन्या मेलवर पाठवते. जुनी मेल अकरावीत असताना उघडलेली, तिचा पासवर्ड कुणाला आठवतोय? निनादनं सगळं बंद करून परत चालू केलं. ते लिहून उत्तरं देणारं यंत्र असतं, त्यालाही विचारलं. ते प्रत्येक वाक्याआधी क्षमा मागायचं. (त्याच्या निम्मी क्षमा जरी माझ्या घरात कुणी मागितली असती ना, तर मला बीपीची गोळी लागली नसती.) शेवटी मेलनंच वाट दाखवली. एका प्रश्नाचं उत्तर द्या. संधी पाच. पाचही चुकल्या तर दार आठवडाभर बंद.

प्रश्न होता, आईचं माहेरचं नाव.

आता मी कुठे होते? तीन पावलांवर, स्वयंपाकघरात, दोडक्याला फोडणी देत. आई घरात हजर, धडधाकट, हातात झारा! आणि या मुलानं विचारावं कुणाला? बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या बापाला.

"बाबा, आईचं माहेरचं नाव काय?"

"जोगळेकर," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

त्यानं टाकलं. लाल अक्षरं उमटली. एक संधी गेली.

मी झारा घेऊनच बाहेर आले. जोगळेकर हे तर माझ्या सासूबाईंचं माहेर! आई म्हटलं की यांना फक्त यांचीच आई आठवते, बाकीचं जग आकाशातून पडलंय. म्हटलं, अहो, प्रश्न तुमच्या आईचा नाही, त्याच्या आईचा आहे. तर म्हणतात कसे, मग त्यानं तसं नीट विचारायला हवं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण फाईल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची सवय काही गेली नाही.

मग मी निनादकडे वळले. अरे, दर मे महिन्यात ज्या मामाकडे जाऊन पेटीभर आंबे संपवलेस, त्याचं आडनाव काय? तो डोकं खाजवत म्हणाला, "यार आई, मी त्याला बंडूमामाच म्हणतो ना." चौतीस वर्षांचा घोडा! वाकणकर, म्हटलं, वाकणकर. त्यानं व्ही घालून लिहिलं. लाल. मी म्हटलं, व्ही कसला घालतोस, माझ्या वडिलांच्या दारावरच्या पितळी पाटीवर डब्ल्यू होता. डब्ल्यू घातला. लाल. दोन संधी उरल्या. तिकडे दोडका करपला. त्याचंही खापर मी यांच्यावरच फोडलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. (उजेड कसला, पुढे कळेलच.) प्रश्न नावाचा आहे, आडनावाचा नाही! म्हटलं, टाक, सिंधू. माझं माहेरचं नाव सिंधू.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. तिसरी म्हणजे आमची सून प्रीती, दिल्लीच्या रोहिणी भागातली, ती आतल्या खोलीतून तिचं ऑफिस करते आणि चहाला बाहेर आली होती. "मम्मीजी, आपका नाम तो वसुधा है ना?"

मग तिला सांगावं लागलं की आमच्यात लग्नात नवरीचं नावच बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. माझं का बदललं? कारण सासरी आधीच एक सिंधूआत्या होत्या, हाक मारताना गोंधळ होईल म्हणे. म्हणजे यांची सोय!

"आपसे पूछा था किसी ने?"

"ताटात वाचलं तेव्हा कळलं."

"और आप कुछ बोलीं नहीं?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. सदतीस वर्षांपूर्वी मांडवात गिळलेला राग जसाच्या तसा वर आला. मी झारा उगारून बोलायला लागले. या घरात भांड्यांवरसुद्धा नाव घालतात, फक्त बाईचं पुसतात. अंगठी धरणारा हात याच माणसाचा. आणि आज मुलाचं काम अडलंय ते माझ्या पुसलेल्या नावापायी! हे पेपर आणखी वर धरत गेले. आणि माझं भाषण रंगात आलेलं असताना निनादनं गुपचूप सिंधू टाकून पाहिलं.

लाल.

उरली एक. घड्याळात सव्वादोन. निनादचा चेहरा इतका उतरला की मला झारा खाली ठेवावा लागला. तो स्वतःशीच पुटपुटत होता की अकरावीत मी असं काय लिहिलं असेल.

आणि मी खुर्ची ओढून बसले. कारण अकरावीत तो कावीळ होऊन अंथरुणावर होता. परीक्षेच्या फॉर्मला मेल लागत होती, शेवटचा दिवस होता. आम्ही तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. सायबर कॅफेत गेले होते मी. जन्मात पहिल्यांदा, एका बोटानं टाइप करत, ती मेल मी उघडली होती! नातवाच्या आजारपणासाठी अमरावतीहून आलेली माझी आईही बरोबर होती. स्क्रीनवरचं इंग्रजी मला कळेना, म्हणून दुकानदाराला विचारलं. तो मान न वळवता म्हणाला, माँ के मायके का नाम डालो, आंटी. आणि मी माझ्या शेजारी बसलेल्या आईकडे वळून...

हे सगळं मी हळूच सांगितलं. बाल्कनीतला पेपर सावकाश खाली आला.

"म्हणजे आई म्हटलं की तुला तुझीच आई आठवली," हे म्हणाले. एवढंच. इतक्या समाधानानं तर यांनी पुरणपोळीसुद्धा कधी खाल्ली नाही.

"चलो, सुटलो," निनाद म्हणाला. "काय होतं आजीचं माहेरचं नाव?"

मी आठवायला लागले. आईचं सासरचं नाव रमा. माहेरचं? कॅफेत विचारल्यावर ती लाजून हसली होती, ते आठवलं. नाव आठवेना, आणि विचारायला आता आई राहिली नव्हती. मी ते विचारलं, टाइप केलं आणि विसरून गेले होते.

अमरावतीला मावशीला फोन लावला. मी दिवाळीशिवाय फोन करत नसल्यामुळे तिनं आधी, कोण गेलं ते विचारलं. कुणी गेलं नाही, हे पटवण्यात चार मिनिटं गेली. मग म्हणाली, "नाव कसलं गं? आम्ही तिला ताईच म्हणायचो." भाऊ अक्का म्हणायचे. आणि आजोबा, म्हणजे तिचे वडील? ते नुसतं, अगं ए. निनाद माझ्यासमोर घड्याळ धरून उभा. पलीकडे मावशी भावंडांची नावं एकेक करून घोकायला लागली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "बकुळ. बकुळ होतं तिचं नाव. किती वर्षांनी तोंडात आलं बघ."

मी ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. निनादला घाई होती. "आई, स्पेलिंग! तू तेव्हा कसं लिहिलं असशील?"

माझं इंग्रजी मी मुलांच्या पुस्तकांवरून स्वतःच शिकलेलं. बुकमध्ये डबल ओ, म्हणजे बकुळमध्येही डबल ओ. प्रीती म्हणाली, ऐसे तो कोई नहीं लिखता, मम्मीजी.

"मी लिहिते," मी म्हटलं. "टाक."

निनादनं डोळे मिटून बटण दाबलं. हिरवं! तीनला सात मिनिटं कमी असताना दार उघडलं, तीनला त्यानं काम दाखवलं, आणि बंगलोर बसलं बोंबलत.

पण ते नंतर. दार उघडलं तेव्हा फोन माझ्या कानालाच होता आणि पलीकडे मावशी खुशीत आली होती. म्हणाली, बरं झालं बाई, ताईचं नाव कुणीतरी विचारलं तरी. मग तिला आणखी काही सुचलं.

"आणि माझं गं? माझं माहेरचं नाव काय होतं, सांग बरं."

"हॅलो? मावशी? आवाज तुटतोय गं तुझा," असं म्हणत मी फोन ठेवून दिला.

नोएडात त्या दुपारी नेटवर्क कधी नव्हे इतकं सुरेख होतं.