धवले पुसून केलेला सत्कार

केळसकरसरांशी माझी ओळख टोमण्यातून झाली. पनवेलच्या आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर मी एका व्याख्यानाचा व्हिडिओ चढवला होता. सरांनी फोन करून विचारलं, “वक्ते विहिरीत उतरून बोलत होते का हो?” मग घरी बोलावून चहाबरोबर धडा दिला. चित्र थोडं पुसट असलं तरी माणूस बघतो, आवाज फाटला की उठून जातो.

ध्वनिमुद्रणाआधी सर पंखे बंद करायला लावत आणि खोली नुसती ऐकत बसत. मूळ फाइल जशीच्या तशी डिस्कवर जपत, वेबसाठी हलकी प्रत वेगळी काढत. ती साध्या मोबाइलवर, अडखळत्या नेटवर चालवून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यांच्या या सोवळ्याची आमच्या मंडळींनी भरपूर टिंगल केली.

विचुंब्याच्या बाजूला सोनाबाई नावाच्या धवलारीण होत्या, आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या. दम्याने बेजार. सर उन्हाळाभर त्यांच्याकडे जात राहिले. धाप लागली की ध्वनिमुद्रण थांबवत, जाताना त्यांची औषधंही नेत. एकदा त्या म्हणाल्या, “आमी गेल्याव कोन गानार हाय? तुमच्या डब्यान तरी ऱ्हाव दे.” सरांनी शब्द दिला. सोनाबाई आता नाहीत.

यापुढचा मजकूर सरांच्या गौरव अंकाच्या संपादकांनी कृपया गाळू नये. सोनाबाईंच्या धवल्यांची मूळ डिस्क मंडळाच्या कपाटात होती. “एक दिवस द्या, दुसरी प्रत काढतो,” असं सर सतत सांगत होते. पण किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाहांना सवड नाही. सरांच्या पंचाहत्तरीचा सोहळा चित्रित करायला डिस्क हवी झाली, तेव्हा मात्र सवड मिळाली. “वेबसाइटवर आहे की सगळं,” म्हणत त्यांनी ती कोरी केली. सरांनी काढलेली हलकी प्रतही त्याच डिस्कवर होती, वेबसाइटवर नव्हतीच. तीसुद्धा जड पडते म्हणून यांनी व्हॉट्सॲपवरून एकमेकांना ढकललेली, दबून चिपाड झालेली प्रत चढवली होती. तिच्यात सोनाबाईंचा एक शब्द कळेल तर शपथ!

सर कार्यवाहांना एवढंच म्हणाले, “त्यांच्या सुनेला कोण सांगणार?” कोणी उठलं नाही. सर स्वतः गेले, मी सोबत होतो. सून कप पुढे सरकवत म्हणाली, “मना त्यातला येकबी येत नाय, सर. तुमी चाय घ्या.” मला त्या दिवशी आलेला संताप अजून उतरलेला नाही.

आता सरांना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, आणि ते सगळं त्याच डिस्कवर उत्तम दर्जात उतरेल. सरांना उदंड आयुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. सोनाबाईंचा शब्द न् शब्द पुन्हा पुन्हा ऐकलेले आता तेच एक उरले आहेत. त्यांचे कान आणि त्यांची आठवण शाबूत राहो. आणि सर, एक विनंती. सत्काराला उत्तर द्यायला उभे राहाल, कॅमेरा चालू असेल, तेव्हा आमचे आभार मानू नका. पंखे बंद करायला सांगा आणि आठवेल तेवढा धवला म्हणा.