लोखंडाचं पाणी

गल्लीत तिला सगळे गंजमावशी म्हणायचे. हे नाव तिच्या भाच्याने, धाकट्या बहिणीच्या मुलाने, सात वर्षांचा असताना ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. कारण उघड होतं. तिच्या मागच्या खोलीत फळीवर बरण्यांची रांग होती आणि प्रत्येक बरणीत गंजके खिळे, मोडक्या बिजागऱ्या, सायकलची साखळी असलं काहीबाही व्हिनेगरमध्ये भिजत पडलेलं असे. हे लोखंडाचं पाणी. त्यात भिजवलेल्या कापडावर झाडाची ओली पानं मांडायची, कापड पाइपभोवती गुंडाळून सुतळीने घट्ट आवळायचं आणि दोन तास वाफेवर ठेवायचं. उलगडलं, की पानाची शीर न् शीर कापडावर काळी-करडी उमटलेली असे.

नवं कापड ती घेत नसे. गिऱ्हाइकाने आपल्याच घरातला जुना कपडा आणायचा; ती तो उसवणार, रंगवणार आणि पुन्हा बेतून शिवणार. वीस वर्षं लोकांनी नाकं मुरडली. शेजारीण तर तोंडावर म्हणाली होती, "अगं, हे घालून बाहेर पडलं तर झाडूवाला गोळा करून नेईल." भाचा तिच्याही वरचढ. "मावशी, तुझा शर्ट घातला की शेळ्या मागे लागतात," असं म्हणायचा आणि वर्षातून एकदा हट्टाने तसाच शर्ट शिवून घ्यायचा. मग कधीतरी वारं फिरलं. निसर्गासारखं जगणं, मातीशी नातं, असं काय काय बोलणारी तरणी मंडळी दारात येऊ लागली, पानांच्या जाकिटात एकमेकांचे फोटो काढू लागली. त्यातलं निम्मं मावशीच्या डोक्यावरून जाई. पण कपडा टाकून द्यायचा नाही एवढं या पोरांना पटलंय, म्हणून ती त्यांच्यावर खूश होती.

भाचा सव्विसाव्या वर्षी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

महिन्याभराने बहीण आली. पिशवीत त्याचा कामावर जायचा पांढरा सुती शर्ट होता. "ताई, याचं काहीतरी करून दे," ती म्हणाली. "रोज अंगात घालता येईल असं. कपाटात ठेवला की मला दिवसभर ते कपाटच दिसत राहतं."

गंजमावशी ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे शिकली, त्याने एकच गोष्ट दहादा बजावली होती: बादलीभर साध्या पाण्यात लोखंडाचं पाणी चमच्याने घालायचं, वाटीने नाही. लोखंड रंग धरून ठेवतं, पण हळूहळू कापड खातं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला तीही हेच सांगायची. पण त्या दिवशी तिला धास्ती होती ती वेगळीच. झाडपाल्याचे रंग उतरतात. शर्टाचं जाकीट केलं, की बहीण ते रोज घालणार, सारखी धुणार, आणि एक-एक पान पुसट होताना बघत बसणार. मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखंच ते! तसं होता कामा नये. म्हणून तिने वाटी भरून पाणी ओतलं, मग आणखी एक वाटी. रंग असा काळाभोर चढला, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. शर्टाचं सगळं कापड बाहेरून आणि आतून जुन्या चादरीचं अस्तर, असं जाकीट तिने एका बैठकीत शिवलं. बहिणीने ते घातलं आणि मग अंगातून काढलंच नाही म्हणा ना.

दीड वर्षाने कोपरावर पहिलं भोक पडलं. कुठेतरी अडकलं असेल, असं बहिणीला वाटलं. मावशीने खिडकीशी नेऊन पाहिलं. भोक नेमकं पानाच्या आकाराचं होतं. रंग जिथे सर्वांत गडद, तिथेच कापड विरलं होतं. बोटाने दाबलं तर भुगा होऊन हातात येत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बहीण रडली असती, चार शब्द बोलली असती, आणि तिच्या मुलाचं जे काही उरलं होतं ते तिच्या हातात असतं. पण मावशीच्या तोंडून निघालं ते एवढंच, "ठेवून जा, परवा ने." तिने दुसऱ्या एका पांढऱ्या शर्टाचा तुकडा तसाच रंगवला, या वेळी पाणी चमच्याने, आणि तिथे बसवला. हात कसलेला, कुणाची बिशाद होती जोड ओळखण्याची! मग दुसरी बाही गेली, मग पाठ. दर दोन-तीन महिन्यांनी बहीण जाकीट आणून टाकायची. नेताना म्हणायची, "तुझ्या हातात जादू आहे गं, ताई." ते ऐकताना मावशीला मेल्याहून मेल्यासारखं होई. शेवटी फक्त कॉलर त्याची उरली होती. तीही गेल्या महिन्यात बदलावी लागली.

या सोमवारी बहीण आली ती जवळजवळ धावतच. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळलेला होता. "ताई, काल हे बोलले!" हे म्हणजे तिचा नवरा. मुलगा गेल्यापासून त्या माणसाने त्याचं नाव एकदाही काढलं नव्हतं; जाकीट दिसलं की तो खोलीतून उठून जायचा. "जेवता जेवता म्हणाले, त्यातला एक तुकडा मला देशील का, खिशात ठेवायला. कॉलरचा काप, ताई. तिथे त्याची मान टेकायची." तिने जाकीट काढून टेबलावर पसरलं.

गंजमावशी कात्री घेऊन उभी राहिली. बहिणीला फसवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण त्या मुक्या बापाच्या खिशात कुणा परक्याच्या शर्टाची चिंधी घालायची? तिने कात्री मिटून खाली ठेवली.

"यात त्याचं काहीच नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं, वाटीपासून कॉलरपर्यंत. सांगून झाल्यावर बहिणीने विचारलं, "कॉलर कधी बदललीस?"

"गेल्या महिन्यात."

"गेल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. कॉलरमध्ये तोंड खुपसून मी दुपारभर त्याच्याशी बोलत होते." तिचा आवाज जराही चढला नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "मी कुणाशी बोलत होते गं, ताई?"

मावशीने जाकीट बहिणीच्या पुढ्यातून बाजूला सरकवलं.

"आणि ते तुकडे? काढलेले? ते तर ठेवले असशील."

ती चिंध्यांच्या पेटीकडे निघालीसुद्धा. पण तुकडे पेटीत नव्हते. येता-जाता बहीण त्या पेटीत हात घालायची. तिला सापडले असते तर? म्हणून दर वेळी मावशीने ते अंगणातल्या खताच्या खड्ड्यात, भाजीच्या सालांखाली ढकलले होते.

"खतात घातले," ती म्हणाली.

बहीण अंगणात गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी खड्डा उकरू लागली.

"अगं, आधीच विरलेलं कापड. आता नाही काही मिळायचं."

"तू बोलू नकोस."

मावशी शेजारी बसली आणि तीही उकरू लागली. काळी भुसभुशीत माती, अंड्यांची टरफलं, गांडुळं. बराच वेळ दुसरं काही हाताला लागलं नाही. मग बहिणीच्या बोटांत काहीतरी अडकलं. पांढऱ्या दोऱ्याची लांब शिवण होती, भोवतालचं कापड कुजून गेलेलं. तयार शर्ट प्लॅस्टिकच्या दोऱ्याने शिवतात. तो रंगही धरत नाही आणि कुजतही नाही. त्या दोऱ्याला मावशीने जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

बहिणीने दोरा तळहातावर घेतला. "हा त्याचाच ना?"

त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या बिनकामाच्या चिंध्या गेल्या होत्या. शंभर शर्टांचे दोरे असतील तिथे.

"नाही सांगता येत गं."

"हो म्हण, ताई." आता मात्र बहिणीचा आवाज फुटला. "मला यांना काहीतरी नेऊन द्यायचंय. हो म्हण ना."

मावशीने तोंड उघडलं. अडीच वर्षं ती सुईने खोटं शिवत आली होती, आणि आता एक 'हो' काही केल्या जिभेवर येईना. तिने बहिणीचा मातीने माखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

बहिणीने हात सोडवून घेतला. दोरा मुठीत धरून ती उठली आणि अंगणाच्या दाराने घराकडे निघाली. बाहेर गार वारं सुटलं होतं आणि जाकीट आत टेबलावर राहिलं होतं.