घाटात बंद केलेलं इंजिन

थोरली आई आज सकाळी गेली. घरात सगळे रडतायत आणि मला सारखा ट्रकचा ब्रेक आठवतोय.

थोरली आई म्हणजे माझी पणजी. शाळेत जायच्या आधी अक्षरं मला तिनंच गिरवायला लावली.

ब्रेकची गोष्ट मी तिला इतक्या वेळा विचारली, की शेवटी ती चिडायची. "परीक्षा हाय का गं तुजी?"

चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून आधीच सांगते, नक्की साल मला माहीत नाही. तिलाही नव्हतं. महायुद्ध संपलं होतं, स्वातंत्र्य यायचं होतं आणि पेट्रोल कुपनावर मिळत होतं.

ती तेव्हा नवी नवरी होऊन आष्ट्याला आली होती.

पणजोबा लष्कराच्या वर्कशॉपमधून सुटून आलेले मेकॅनिक. त्यांचे वडील, म्हणजे आबा, ड्रायव्हर. बापलेकांनी मिलिटरीच्या लिलावात एक जुना अमेरिकन ट्रक घेतला होता. स्टेअरिंग डावीकडे.

गाडी तगडी, पण ब्रेक भयंकर जड. भरलेली असली की थांबवायला आबा सीटवरून अर्धे उभे राहायचे.

म्हणून पणजोबांनी मोडीतल्या दुसऱ्या ट्रकचा व्हॅक्यूम बूस्टर आणून बसवला. घरात त्याला नुसतं 'डबा' म्हणायचे. चालू इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीवर डबा ब्रेकला जोर देतो. पाय हलका ठेवला तरी पुरे. आता जोर डबाच देणार, म्हणून पेडलची लांब दांडी काढून त्यांनी आखूड घातली.

टेस्टिंगच्या वेळी ते गाडीखाली होते. पेडल दाबायला वर कुणीतरी हवं. आबा बाजारात. मग बायकोलाच बसवलं, नऊवारीत, ड्रायव्हरच्या सीटवर.

"दाब. कसं लागतंय?"

"लोण्यावानी."

"आता इंजिन बंद कर. दाब पुन्यांदा."

एकदा मऊ. दुसऱ्यांदा जरा घट्ट. तिसऱ्यांदा ती ओरडली, "आवं, दगुड झाला की ह्यो!"

पणजोबा खालून बाहेर आले. "इंजिन बंद, तर डबा बंद. आदीपरीस बी जड."

संध्याकाळी त्यांनी आबांना बजावलं. "आबा, उतारावर इंजिन बंद करायचं न्हाई आता."

"व्हय रं. किती डाव सांगशील?"

सांगणं भागच होतं. पेट्रोल वाचवायला तेव्हा सगळेच ड्रायव्हर उतार लागला की न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे. आबांचं तर सगळं आयुष्य त्यात गेलेलं.

दोनच दिवसांनी पाचगणीजवळ तिच्या भावाचं लग्न होतं. जाताना चढ, त्यामुळे ब्रेकचं काही कळलं नाही. येताना गाडीत बटाट्याची पोती. पणजोबा वर, पोत्यांवर. केबिनमध्ये आबा आणि डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेली ती.

सासऱ्याशी सुनेनं बोलायचं नाही, असा रिवाज. लग्न झाल्यापासून ती आबांशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर सासूच्या कानात. आणि सासू होती आष्ट्यात.

पसरणीच्या घाटाला लागले. उतार सुरू झाला.

आबांनी न्यूट्रल केलं.

स्विच बंद केला.

इंजिन थांबलं. नुसता वाऱ्याचा आवाज.

तिला वाटलं, त्यांच्या ध्यानात येईल. पहिलं वळण आलं. आबांनी ब्रेक दाबला, लागला. दुसरं वळण. लागला, पण थोडा.

ती पायाची बोटं आवळून बसली. बोलायचं कसं?

तिसऱ्या वेळी पेडल हललंच नाही.

आबा दोन्ही पायांवर उभे राहिले. गाडी वेग घेत होती. पुढं वळण, त्याच्याखाली दरी, आणि वर पोत्यांवर तिचा नवरा.

"मामंजी, स्विच लावा!"

थोरली आई सांगायची, "तर गाडी ऱ्हायली बाजूला, मामंजी माज्याकडंच बघाय लागलं!"

"म्होरं बघा! स्विच!"

आबांनी स्विच लावला. पण स्टार्टरचं बटण खाली पायाशी, आणि त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवर. स्टार्टर तिच्या बाजूला होता. टेस्टिंगच्या वेळी मारली होती तशी, तिनं पाय लांब केला आणि त्यावर टाच मारली.

इंजिन घरघरलं. लागलं नाही.

पुन्हा मारली.

लागलं.

पेडल आबांच्या पायाखाली हळूहळू खाली गेलं. गाडी डोंगराच्या बाजूला गटारात चाक घालून थांबली. वळण समोरच होतं.

पणजोबा वरून उडी मारून आले. "काय झालं? आबा, काय झालं?"

आबांनी स्टेअरिंग सोडलं. मग म्हणाले, "सूनबाई बोलली."

एवढंच.

चाकाला दगड लावले. तापलेले ब्रेकचे ड्रम निवेपर्यंत सगळे रस्त्याकडेला बसले. निघताना आबांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, घाट उतरंस्तवर बोलत ऱ्हा. गप बसू नगंस."

"मग काय बोललीस?" मी विचारायचे.

"काय सुचंना. म्हायेरच्या म्हशींची नावं सांगितली. मग कुटली किती दूद देती ते. वाई आली तरी मामंजी आपलं 'व्हय, व्हय' करत हुते."

पुढं आबांशी ती कायम बोलत राहिली. सासूला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. हेही तिनंच सांगितलं होतं, म्हणून लिहितेय.

मला कशाचीही भीती वाटते. फोन करायच्या आधीसुद्धा मी वाक्य मनात म्हणून बघते. एकदा तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली?

"लय वाटली."

"दरीची?"

"न्हाई गं. मामंजींची."

आज तिला अंगणात ठेवलंय. तिच्याभोवती सगळे दबक्या आवाजात बोलतायत. मी तिच्या कानाशी जाऊन नेहमीच्या आवाजात बोलले. काय, ते इथं लिहीत नाही.

थोरली आई, सावकाश जा. तुझ्या पायांवर डोकं ठेवते.