नंबर लावा

कर्जतला आमच्या डॉक्टरांकडे नंबर लिहून घेणाऱ्या बाई सध्या ॲपची आखणी शिकतायत. रक्तदाब तपासायला मी महिन्याला जातो, तेव्हा बाई कागदावर काढलेला मोबाईलचा पडदा माझ्यापुढे ठेवतात. “नंबर लावायला कुठं दाबाल?” एवढंच विचारतात आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात, चुकून बोट दाखवलं जाऊ नये म्हणून. मी भलतीकडे दाबलं तर म्हणतात, “तुमी नाय चुकलात, माझी मांडणी चुकली.”

दवाखान्याचं ॲप त्यांनीच आखायचं ठरलं होतं, पण पेशंटना जमलं नाही तर डॉक्टर तयार ॲप विकत घेणार होते. पहिल्याच चाचणीत ठाकुरवाडीच्या एक आजी अक्षरं लावत ‘अपॉइंटमेंट’पाशी आल्या आणि तिथेच अडल्या. खाली मान घालून म्हणाल्या, “मला नाय जमायचं.”

बाईंनी घरी जाऊन सगळी मांडणी मोडली. तीन आठवडे खपून सजवलेलं पहिलं पान काढून टाकलं आणि तिथे एकच मोठं बटण ठेवलं: ‘नंबर लावा’.

परवा ते ॲप फोनवर आलं. बाईंनी फोन त्याच आजींच्या हातात दिला. आजींनी अक्षरं लावत वाचलं आणि दाबलं.

“लागला गं!”

बाकावरचे सगळे हसले. बाईंनी पदराने डोळे पुसले. गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “आता कुणाचा नंबर?”

“माजा,” आजी ताठ उठून म्हणाल्या, “आन् मीच लावलाय.”