परसातलं गवत आणि आत्याबाई

भादव्यातला एक दिवस... लोणावळ्याला तुंगार्लीकडचं आमचं घर. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि माझं लग्न नवं नवं होतं. नव्वदी ओलांडलेल्या बाईची आठवण आहे, जरा सांभाळून घ्या!

मी तळेगावची. लग्नात शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी मला रंगांची पेटी आणि एक छापील चित्र दिलं होतं. काही शतकांपूर्वी युरोपात कुणीतरी जलरंगात काढलेलं... कुरणातलं गवत! ना देव, ना देवी, ना मोर. नुसती पाती, दोन-चार रानरोपं आणि खाली माती.

सासरी सगळे हसले. मला मात्र तेच वेड लागलं होतं, आपल्याकडचं गवत असं काढायचं म्हणून. पण भाताची कामं, चूल, म्हैस... पेटी उघडायला सवड कुठली!

शेवटी परसातला एक कोपरा हेरला. दुर्वा, केना, आघाडा, मधेच तेरड्याचं रोप... काय झकास दाटी होती! दुपारी भांडी घासून झाली की पेन्सिलीनं थोडं थोडं काढायचं. ते संपलं तसं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोठ्या हौसेनं सांगितलं की उद्या परसातल्या कोपऱ्याचं चित्र रंगवणार.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर काय... कोपरा चकाचक! गवताची काडी नाही. शेणाचा सडा आणि वर ठिपक्यांची रांगोळी.

"सकाळीच समदं उपटलं बग. लय रान माजलं व्हतं... चित्रात आपलं घर चांगलं दिसाया नगं व्हय?" आत्याबाई कान्हे गावाकडच्या, बोलणं असं मोकळं.

मी चक्क भोकाड पसरलं. मग रडत रडतच ते छापील चित्र आणून दाखवलं... मला गवतच काढायचं होतं हो!

त्यांनी चित्र हातात घेऊन नीट निरखलं. "आगं बया..." एवढंच म्हणाल्या आणि कुदळ घेऊन तुंगार्लीच्या तळ्याकडे चालत्या झाल्या. मला वाटलं, रागावल्या.

परत आल्या त्या डोक्यावर घमेलं घेऊन. घमेल्यात मातीसकट, मुळांसकट उचललेला गवताचा गड्डा! दुर्वा, केना, तेरडा... सगळं ताठ उभं. आमच्याकडे गौर म्हणून तेरडाच आणतात, तशाच जपून जपून चालत आल्या होत्या. घमेलं ओसरीवर ठेवलं आणि सवयीनं हात गेलाच... हळद-कुंकू वाहूनच मोकळ्या झाल्या!

"काड आता निवांत. म्हशीला मी हिकडं फिरकू देत न्हाई."

आधीचा कागद बाजूला ठेवून मी सगळं नव्यानं काढलं. रंगवून होईपर्यंत चूलही त्यांनीच सांभाळली. इतकी माया मला माहेरीसुद्धा क्वचितच मिळाली असेल.

ते चित्र अजून माझ्या खोलीत आहे, रंग जरा उडालेत इतकंच. येणारे-जाणारे विचारतात, या हिरव्या पात्यावर लाल ठिपका कसला... फूल आहे का?

फूल नाही हो... आत्याबाईंचं कुंकू आहे ते. दिसलं तसं काढलं.